दुखतं म्हणायला काय झालं होतं

तुमची तेरवी परवा झाली. पंगत उठली, काटोलकडची मंडळी संध्याकाळच्या एसटीनं गेली, आणि प्रताप नगरच्या या दोन खोल्यांत आता मी, विजू आणि तुमच्या आई अशा तिघीच उरलो. येणारी-जाणारी प्रत्येक बाई पाठीवरून हात फिरवून सांगते, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नाही हो. राग येतो. हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून ओरडले तर शेजारीपाजारी धावत येतील, म्हणून लिहायला बसले. इतकी वर्षं आपण तोंडानं भांडलो. भांडण रंगात आलं की तुम्ही "बरं, च्या मांड" म्हणून विषय मोडायचे. आता मोडा बरं.

मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे तुमच्या नावावर काय खपवलं जात होतं ते तुम्हाला कळेल. तुमचे थोरले भाऊ, आपले दादाजी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की मधूनं जाता जाता शब्द टाकला. कोणता शब्द? तर विजूचं शिक्षण बंद करा आणि लग्न उरकून टाका. घरात माणूस गेला की पोरीचं लग्न एक तर वर्षाच्या आत करायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, हे आपल्यात ठरलेलंच. म्हणजे घाईला कारण आयतंच मिळालं. सावनेरच्या ज्या स्थळाला तुम्ही होळीच्या सुमारास तोंडावर नाही म्हणाले होते, त्यांच्याकडची दोन माणसं तेरवीला येऊन जेवून गेली. आणि हा शब्द कुणाचा, तर तुमचा. पोरीच्या बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी कॉलेजच्या खिडकीसमोर भर उन्हात उभे राहिलेल्या माणसाचा. घरी आल्यावर शर्ट पिळून काढावा लागला होता तुमचा, आणि तोंडावर हसू असं की प्रवेश तुम्हालाच मिळाला आहे.

तुमचं आणि दुखण्याचं काय वाकडं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे कळलं, पण शेवटच्या दिवसांत कळलं, आणि तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. गोदामात विंचू चावला तर पाय सुजून टम्म झालेला असताना सायकल मारत घरी आले आणि म्हणे, "काही नाही, मुंगी असन." दाढ काढून आले त्या दिवशी भाकर मागितली. मी चिडायची. म्हणायची, दगड आहात का? तुम्ही हसायचे. मला वाटायचं, हा पुरुषांचा तोरा असतो, आपण काय करणार.

पण हाच माणूस दुसऱ्याच्या दुखण्याला किती हळवा. विजूच्या वेळी मी कळा देत होते आणि ती नर्स माझ्यावर खेकसली, "ओरडू नका बाई, सगळ्याच बायांना होतात मुलं." तुम्ही दाराबाहेर होते. बाहेरूनच ओरडले, "ओरडू द्या तिले. तिचं दुखून राहिलं, तुमचं नाही." आई कपाळाला हात लावून बसल्या की पोरगा बाळंतिणीच्या खोलीत तोंड घालतो. मला मात्र त्या एका वाक्यानं बळ आलं. घसा फाडून ओरडले मी त्या दिवशी, तुमच्या जिवावर. तुमच्याबद्दल कुणी चांगलं विचारलं तर मी हेच सांगते. आणि सांगता सांगता पुन्हा संताप येतो, की बायकोला ओरडायची मुभा देणाऱ्याला स्वतःला साधं कण्हता येत नव्हतं?

वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये तुम्ही बुकिंग क्लार्क. पोत्यांच्या थप्पीजवळ जायचं तुमचं काम नाही. पण तुम्हाला बसल्या जागी चैन कुठे. माल मोजायला आत गेले, वरची पोती घसरली आणि तुम्ही भिंत आणि पोत्यांच्या मध्ये सापडले. डाव्या बाजूच्या फासळ्या मोडल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, फासळ्या आपोआप जुळतात, आराम करायचा. मी देवाला हात जोडले. गावाहून दादाजी आणि आई दुसऱ्याच दिवशी आले आणि आईंनी तुमच्या उशाशी ठाण मांडलं.

डॉक्टर राउंडला आले की विचारायचे, "दुखतंय का?" आणि आईंचा हात तुमच्या कपाळावर. त्याही विचारायच्या, "दुखते का गा मधू?" तुम्ही छताकडे पाहत म्हणायचे, "नाही वं माय. काही नाही होऊन राहिलं." डॉक्टर मान डोलवून पुढच्या खाटेकडे. रोज हेच. मी पायथ्याशी उभी. चादरीखाली तुमच्या पायाची बोटं आवळलेली मला दिसायची. श्वास घ्यायचे तो नुसता वरच्या वर, आणि खोकला आला की ओठ दाबून गिळून टाकायचे. मी बाहेर व्हरांड्यात त्या डॉक्टरांना गाठून सांगितलं, "साहेब, ते खोटं बोलतात. त्यांना खूप दुखतं." डॉक्टर तरुण होते, घाईत होते. म्हणाले, "बाई, पेशंट स्वतः नाही म्हणतो आणि तुम्ही हो म्हणता. दुखणं थांबवायची इंजेक्शनं काही गोळ्या-बिस्किटं नाहीत. सवय लागते त्यांची." सवय. फासळ्या मोडलेल्या माणसाला चार दिवस बरं वाटण्याची सवय लागेल, ही त्यांना काळजी.

आई पाणी आणायला गेल्या तेव्हा मी तुम्हाला धारेवर धरलं. आठवतं का? मी म्हटलं, "काहून खोटं बोलून राहिले? डॉक्टर विचारतात ते काय गंमत म्हणून?" तुम्ही आधी दाराकडे पाहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बाबा कसे गेले तुले माहीत नाही. पोटात गाठ होती त्यांच्या. ओरडू ओरडू गेले. मायनं सगळं पाह्यलं. दोन वर्षं जेवत नव्हती धड. तिले पुन्हा नाही दाखवायचं मले ते. धक्का बसन तिले, मरून जाईन ती." मी म्हटलं, मग मी आईंना घरी पाठवते. तुम्ही म्हणाले, "जाते का ती? तू गप्प राय ना. दोन दिवसांत कमी होते." तेवढ्यात आई तांब्या घेऊन आल्या आणि आपलं बोलणं तिथंच राहिलं. ते भांडण मला पुरं करायचं आहे. माझी बाजू मांडायची राहिली आहे अजून.

दुखणं कमी झालं नाही. ताप आला. धाप लागायला लागली, ओठ निळसर दिसायला लागले, आणि तुम्हाला उचलून त्या नव्या विभागात नेलं. आयसीयू. सगळे कसे दबक्या आवाजात म्हणायचे, देवळाच्या गाभाऱ्यात नेल्यासारखं. चपला बाहेर. भेटायच्या वेळेला दोनच माणसं. पेशंटची कुठली वस्तू आत नाही. तुमचा चष्मा त्यांनी काढून माझ्या हातात दिला आणि मी म्हटलं, अहो, याच्याशिवाय त्यांना हाताची बोटं दिसत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "इथं त्यांना काय पेपर वाचायचा आहे?" आत एक खिडकी नाही. ट्यूबलाइट सदा चालू. सकाळ कोणती, संध्याकाळ कोणती, कोणाला कळावं? शेजारच्या यंत्राची टिकटिक, कोणाची तरी घरघर, आणि मधोमध तुम्ही, चष्म्याशिवाय, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, आणि छातीत ते दुखणं जे तुम्हाला होतच नव्हतं.

मग तुम्ही मास्क ओढायला लागले. सलाइनची सुई उपटली. त्यांनी झोपेचं इंजेक्शन दिलं. तुम्ही अर्धवट झोपले, अर्धवट जागे झाले आणि आणखीच बिथरले. त्यांनी आणखी झोपेचं दिलं. दुखण्याचं नाही, झोपेचं. मोठे डॉक्टर आले, लांबूनच पाहून म्हणाले, "पेशंट कोऑपरेट करत नाही," आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तर तुमचे दोन्ही हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधलेले. मनगटं लाल झालेली. मी पट्टी सोडायला हात घातला तर सिस्टर ओरडल्या. त्या सिस्टरवरही किती चिडावं मी? त्या एकट्या सगळ्या खाटांमागे धावत होत्या. पण चिडले. आजही चिडते. जनावर बांधतानासुद्धा आपण गाठ सैल ठेवतो.

ज्या भेटीचं सगळं रामायण झालं ती ही. आत दादाजी आणि आई होते, आणि सिस्टरनी बाहेर काढलं तरी त्यांची नजर चुकवून मी दारात. तुम्ही आईंकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. त्यांना अशी शिवी दिली की ती मी कागदावर लिहिणार नाही. तुमच्या तोंडून मी ती जन्मात ऐकली नव्हती. सिस्टरला हमाल म्हणाले. सलाइनच्या स्टँडवर तुम्हाला माणूस टांगलेला दिसत होता. माझ्याकडे बोट दाखवायला हात मोकळा नव्हता, म्हणून हनुवटीनं दाखवून म्हणाले, "ही बाई कोण आहे? हिनंच बांधलं मले." मग दादाजींना पाहिलं आणि एकदम रडायला लागले. "दादा, पोट्टीले लपव गा. कॉलेजात नको पाठवू. हे लोकं पोरी कापून पोत्यात भरून राहिले, मी पाह्यलं, ट्रक लागला आहे बाहेर. शाळा-बिळा काही नको. लग्न करून देऊन टाक तिले, दूर पाठव, आजच पाठव." दादाजींनी तुमच्या बांधलेल्या हातावर हात ठेवला. डोळे पुसत म्हणाले, "हो गा मधू. शब्द देतो मी तुले."

त्यानंतर तुम्ही दादाजींशी आणि आईंशी बोलले नाही. पुढच्या दोन भेटींना तुम्ही झोपेच्या इंजेक्शनखाली होते, आणि नंतर तापाच्या ग्लानीत. म्हणून दादाजींच्या लेखी ते शेवटचे शब्द. दादाजी वाईट माणूस नाहीत, हे मलाही माहीत आहे. शेतात राबून त्यांनीच तुम्हाला मॅट्रिक केलं. मरणाऱ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच त्यांना कळतं. पण दहाव्यालाच मी पाहिलं, ते लोकांना सांगताना मधलं पोत्याचं वाक्य गाळत होते. ट्रक गाळला, शिव्या गाळल्या, टांगलेला माणूस गाळला. धुऊन-पुसून जे उरलं ते असं: "माझा भाऊ शांतपणे गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. पोरीची काळजी करत गेला." आई शेजारी बसून पदरानं डोळे पुसत म्हणायच्या, "एकदाबी कण्हला नाही माझा मधू." बायका हळहळायच्या, म्हणायच्या, पुण्यवान माणूस. मी आत भिंतीला पाठ लावून ऐकत होते.

आता मी तुम्हाला ते सांगते जे तुम्हाला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे, घरातल्या तिसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. दादाजी आणि आई जेवायला गेले होते. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई दुसऱ्या कोणा पेशंटला पाहायला त्या विभागात आल्या. बुटक्या, केसांचा घट्ट अंबाडा, आवाज कडक. तुमच्या खाटेपाशी थांबल्या, तुमचा श्वास पाहत राहिल्या. मग सिस्टरला विचारलं, "यांच्या फासळ्या मोडल्यात ना? दुखण्यासाठी काय चालू आहे?" सिस्टर म्हणाल्या, पेशंटला दुखत नाही. बाई म्हणाल्या, "असं कोण म्हणतं?" मी दारातूनच म्हटलं, "ते स्वतः म्हणतात. आईसमोर."

त्यांनी मला आत बोलावलं. तुमच्या उजव्या हाताची पट्टी सोडली आणि तो हात माझ्या हातात दिला. चष्मा आहे का विचारलं. माझ्या पिशवीतच होता, तो तुमच्या डोळ्यांवर चढवला. तुमच्या तोंडाजवळ वाकून हळू, स्पष्ट सांगितलं, तुम्ही नागपुरात आहात, दवाखान्यात आहात, दुपार आहे, ही तुमची बायको आहे. मग पाठीच्या बाजूनं, मोडलेल्या फासळ्यांच्या कडेकडेनं बधिर करायची इंजेक्शनं दिली. झोपेचं इंजेक्शन थांबवा म्हणाल्या. मला म्हणाल्या, "दुखत होतं म्हणून खोल श्वास घेतला नाही. श्वास घेतला नाही म्हणून कफ साठला, ताप चढला, मेंदूला हवा पुरेना. त्यात झोपेची औषधं, त्यात बांधलेलं, त्यात डोळ्यांना दिसत नाही. कोणाचंही डोकं फिरेल. मीही अशीच बरळले असते. हे वेड नाही, वात म्हणायचे ना पूर्वी, तो आहे. यात पेशंट काय बोलतो ते मनावर घेऊ नका." मी विचारलं, मग तुम्ही आधी का नाही आलात? त्या म्हणाल्या, "मला कोणी बोलावलंच नाही." त्यांच्यावरही चिडायची माझी इच्छा होती, पण त्या पुढच्या खाटेकडे गेल्याही होत्या.

आणि तुम्ही परत आले. एवढ्याशा वेळात, इंजेक्शन चढता चढता. कपाळावरची आठी गेली. पहिला लांब श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, ओळखून पाहिलं. म्हणाले, "सुमे, तू कधी आली?" मला हसावं की रडावं कळेना. मग तुम्ही म्हणाले, "लय दुखलं वं. जीव जाऊन राहिला होता." सगळ्या आयुष्यात तुम्ही ते एकदाच म्हणाले. माझ्या हाताला धरून, लहान पोरासारखे रडत. मी म्हटलं, "मग सांगितलं काहून नाही?" तुम्ही विचारलं, "विजूचं कॉलेज सुरू झालं का?" मी म्हटलं, अजून वेळ आहे. "तिले सायकलचं पाहून ठेव. दूर पडते तिले," असं म्हणून डोळे मिटले. त्या दिवशी तुम्ही खरे झोपले. चेहरा असा होता की मला वाटलं, चला, वाचले.

वाचले नाही. छातीत पू झाला होता, तो इंजेक्शनांना दाद देईना. पुढे जे झालं ते झालं. त्या बाई पुन्हा आल्या, पण उशीर झाला होता असं त्यांनीच सांगितलं, सरळ, डोळे न चुकवता. एवढं तरी कोणीतरी सरळ बोललं.

तर तेरवी. पानं वाढून झाली होती. दादाजींनी सगळ्यांसमोर विषय काढला, सावनेरच्या मंडळींकडे पाहून म्हणाले की मधूचा शब्द आहे, दिवाळीनंतरचा मुहूर्त पाहू. मी म्हटलं, त्यांची इच्छा तशी नव्हती. शुद्धीवर असताना त्यांनी मला विजूच्या कॉलेजचं विचारलं. दादाजी म्हणाले, "तुझ्यासमोर बोलला तेव्हा कोण होतं? मायसमोर आणि माझ्यासमोर बोलला तेव्हा आम्ही दोघं होतो." बरोबरच होतं त्यांचं. विधवेचं कोण ऐकतं, आणि तेही पोरीच्या बाजूनं बोलणाऱ्या विधवेचं. मी तरी सावरलं असतं. पण विजू वरणाची बादली घेऊन दारात उभी होती. तिनं ती खाली ठेवली आणि म्हणाली, "बाबा म्हणाले असतील तर मी करते लग्न."

तिला आम्ही आयसीयूत कधी येऊ दिलं नव्हतं. तिला काय माहीत? तिच्यासाठी तुम्ही शांत, शुद्धीवर, तिची काळजी करत गेलेले बाबा होते. त्या बाबांसाठी ती कॉलेज सोडायला निघाली होती. म्हणजे माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. एक तर तिला तिचे ते बाबा राहू द्यायचे, नाही तर कॉलेज. मी कॉलेज घेतलं. सगळ्यांसमोर, पंगतीत, सगळं बोलले. बांधलेले हात बोलले. शिवी बोलले नाही, पण शिवी दिली हे बोलले. स्टँडवर टांगलेला माणूस, पोरी भरलेली पोती, बाहेर लागलेला ट्रक, ही बाई कोण. दादाजींना विचारलं, "पोत्याचं वाक्य तुम्ही का गाळता? शब्द पाळायचा तर पुरा पाळा. जा, तो ट्रक शोधा." विजू भिंतीला टेकली आणि खाली बसली. तुमची आत्या घास हातात धरून म्हणाली, "मेल्या माणसाले येडं ठरवतं का वं सुमन? नवरा होता तुझा." मी म्हटलं, "येडे नव्हते ते. त्यांना दुखत होतं. दुखत होतं आणि कोणी ऐकलं नाही, म्हणून वात झाला." सावनेरच्या मंडळींनी पाणी पिऊन हात धुतले. मी तुमची अब्रू चारचौघांत काढली, असं आज सगळं काटोल म्हणत असणार. म्हणू द्या. मला तुमच्या अब्रूचा नाही, तुमच्या गप्प बसण्याचा राग आहे.

पंगत आवरल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी गोळा करत होते. आई पाटावर येऊन बसल्या. जेवल्या नव्हत्या. मला वाटलं, आता शिव्याशाप. त्या म्हणाल्या, "सुमे, खरं सांग. खरंच दुखत होतं का वं त्याले?"

तुमचं राखून ठेवलेलं सगळं त्या क्षणी माझ्या तोंडाशी होतं. नाही आई, मी रागात बोलले, असं म्हटलं असतं तर तुमच्या मनासारखं झालं असतं. मी म्हटलं, "हो. लय दुखत होतं. पहिल्या दिवसापासून."

"मी रोज इचारलं त्याले."

"तुम्ही विचारलं म्हणूनच नाही म्हणाले. मामंजींचं तुम्ही पाहिलं होतं, म्हणून. तुम्हाला धक्का बसेल म्हणाले."

आईंनी पदर तोंडावर घेतला. रडल्या नसाव्यात. पदर काढला तेव्हा डोळे कोरडे होते आणि आवाज चिडलेला होता, माझ्याइतकाच चिडलेला. "त्याच्या बापाचं पाह्यलं मी. त्याचंही पाह्यलं असतं. माय आहो मी त्याची. मले काय होत होतं?" मग उठल्या, बाहेर गेल्या. दादाजी वळकटी बांधत होते. आई त्यांना म्हणाल्या, "दामू, तो शब्द सोड. पोट्टी शिकन." दादाजी म्हणाले, "माय, मी त्याच्या हातावर हात ठेवून बोललो." आई म्हणाल्या, "बांधून होता तो हात." दादाजींनी वळकटीची गाठ मारली आणि च्या न घेता निघून गेले. विजूच्या डोक्यावरून मात्र हात फिरवून गेले.

विजू अजून माझ्याशी धड बोलत नाही. बोलेल. काल तिनं सायकलची विचारपूस करायला शेजारच्या पोराला पाठवलं, एवढं मी पाहिलं.

आणि तुमच्या आईंचं सांगते, कारण त्यांच्याचसाठी हे सगळं झालं. ज्यांना धक्का बसेल, ज्या मरून जातील, त्यांनी परवा सगळं ऐकलं. पहिल्या दिवसापासूनच्या दुखण्यासकट ऐकलं. काल सकाळी त्या माझ्याआधी उठल्या. अंगण झाडलं, पाणी घातलेलं दूध आणलं म्हणून दूधवाल्याला फैलावर घेतलं, आणि विजूला समोर बसवून तिच्या डोक्याला तेल चोळलं. त्यांना काही झालं नाही हो. झालं ते तुम्हाला.